उंदराचा मोजा

"शी! शी! शी! काच खाली कर, भोंग्या! आधी काच!"

नाकमुरडीने टी-शर्टची कॉलर नाकापर्यंत ओढली, तरी वास आत शिरलाच. मामाने गाडीचा पंखा एकवर ठेवला होता. एकवर असताना ही तऱ्हा, तर तीनवर काय होईल याचा विचारसुद्धा तिला नकोसा वाटला. वास कुबट होता, आंबूस होता आणि वर थोडा गोडसर होता. तो गोडसरपणाच सगळ्यात वाईट! 

"खालीच आहे काच! आता काय दार उघडून रस्त्यावर उडी मारू?" भोंगा ओरडला. हा मामाचा मुलगा, वय वर्षं दहा. हळू बोलणं त्याला जन्मात जमलं नव्हतं, म्हणून तो भोंगा.

"मामा, पंखाच बंद कर ना," खटपट्या म्हणाला. हा नाकमुरडीचा थोरला भाऊ. घरातलं एकही घड्याळ उघडून बघायचं त्याने सोडलं नव्हतं, आणि त्यांतली निम्मी पुन्हा चालूही झाली होती.

"पंखा बंद केला तर उकडून मराल," मामा म्हणाला. "आणि या बाईसाहेबांचं काय ऐकायचं? हिला दुधाला वास येतो, टॉवेलला वास येतो, माझ्या बुटांना वास येतो!"

"येतोच!" नाकमुरडी कॉलरीच्या आतून म्हणाली.

पुढच्या सीटवर आजोबा मात्र वासाबद्दल काहीच बोलत नव्हते. रुमाल नाकाशी धरून, मान तिरकी करून ते स्टीरिओचा आवाज ऐकत होते. "ऐक," ते मामाला म्हणाले. "तू वेग वाढवलास की शिट्टी वर चढते. कमी केलास की खाली येते. ऐकलंस?"

"जुनी गाडी आहे बाबा. थोडाफार आवाज असायचाच," मामा म्हणाला आणि त्याने हॉर्न वाजवला.

मुलांना मात्र ती शिट्टी स्पष्ट ऐकू येत होती. ईईईई! डास कानाशी यावा तशी. आणि ती सगळी त्यांनी आजोबांना वाढदिवसाला दिलेल्या भेटीमुळे सुरू झाली होती, हे आठवून तिघांचेही चेहरे पडले.

आजोबांनी आयुष्यभर जहाजांवर वायरलेसचं काम केलं होतं. भर वादळात, शंभर खरखरींमधून ते हवा तो संदेश वेचून काढत. आता त्यांचे डोळे जवळजवळ गेले होते. समोर कोण उभं आहे हे त्यांना चपलांच्या आवाजावरून कळे. परगावची मोठी मावशी त्यांच्यासाठी दर रविवारी एका रहस्यकथेचं एक प्रकरण वाचायची आणि आवाज भरून फोनवर पाठवायची. पण फोनच्या इवल्याशा आवाजाने आजोबांचं समाधान होत नव्हतं. कानावर हेडफोन चढवायला ते तयार नव्हते. चाळीस वर्षं चढवलं तेवढं पुरे, म्हणायचे. घरात भोंगा होता. त्यांना हवी होती आपली जुनी निळी गाडी. काचा बंद, बाहेरचं जग बंद, आणि कंपनीनेच बसवून दिलेला तो भारदस्त आवाजाचा स्टीरिओ.

अडचण एवढीच, की स्टीरिओ होता कॅसेटच्या जमान्यातला. फोनची वायर खुपसायला त्याला कुठे जागाच नव्हती. नवा स्टीरिओ आजोबांना नको होता, कारण जुन्याचं प्रत्येक बटण त्यांच्या बोटांना पाठ होतं. मग खटपट्याने शोध लावला. त्या स्टीरिओच्या पाठीमागे एक रिकामं सॉकेट असतं. त्यात बसणारा एक छोटासा डबा मिळतो. डबा सॉकेटमध्ये लावायचा, त्याची वायर डॅशबोर्डमधल्या कप्प्यात आणून सोडायची, की झालं! एकही वायर कापायची नाही. तिघांनी मिळून तो डबा मागवला. आजोबांच्या बोटांना खूण पटावी म्हणून नाकमुरडीने डब्यावर आणि वायरीच्या टोकावर लाल नेलपॉलिशचे तीन तीन जाड, उंचवट्यासारखे ठिपके दिले. वाढदिवसाला आजोबांनी ते ठिपके पुन्हा पुन्हा चाचपले होते.

डबा बसवायला मामाने गाडी बाजारातल्या स्टीरिओवाल्या उस्तादकडे दिली. दोन दिवसांनी गाडी परत आली. शिट्टी घेऊन आली आणि आठवड्याभरात हा वासही आला. कप्प्यातून आलेल्या वायरीवर ठिपके नव्हते. "तुमची वायर आखूड पडली, मी लांब लावली," असं उस्तादने सांगितलं होतं.

आज मामा त्याच उस्तादकडे तक्रार घेऊन चालला होता.

उस्तादचं दुकान म्हणजे घाणीचं प्रदर्शन होतं. दारातच एक काळपट बादली होती, तिच्यात पाणी होतं की तेल हे सांगणं कठीण. टेबलावर वायरी जोडायच्या सोल्डरच्या तुकड्यांत अर्धं खाल्लेलं बिस्कीट पडलं होतं आणि बिस्किटाशेजारी केस अडकलेला कंगवा. चहाच्या ग्लासात एक माशी पोहत होती. उस्तादने ती बोटाने काढली, बोट पँटीला पुसलं आणि राहिलेला चहा पिऊन टाकला!

नाकमुरडीच्या अंगावर सर्रकन काटा आला. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. भिंतीवर काही चिकटलेलं होतं, म्हणून पुन्हा इकडे फिरवलं.

"काय झालं आजोबा?" उस्तादने विचारलं आणि स्क्रूड्रायव्हरने कान खाजवला.

"शिट्टी येते," आजोबा म्हणाले. "इंजिनच्या वेगाबरोबर चढते, उतरते. तुम्ही अर्थिंगची वायर चुकीच्या जागी जोडलीय असं वाटतं."

मामाने गाडी दुकानात आत घेतली होती. उस्ताद तिच्यात बसला. त्याने इंजिन चालू केलंच नाही. नुसती किल्ली अर्धी फिरवून स्टीरिओ लावला. एकदम स्वच्छ आवाज!

"कुठंय शिट्टी?" उस्ताद म्हणाला.

"इंजिन चालू करा ना! इंजिन चालू केल्यावर येते!" खटपट्या म्हणाला.

"दुकानात इंजिन चालू करायचं नाही. धूर होतो." उस्ताद बाहेर आला आणि त्याने आजोबांच्या खांद्यावर हात ठेवला. त्याच हाताने! "आजोबा, शिट्टी गाडीत नाही. तुमच्या कानात वाजतेय. या वयात वाजते कधी कधी. कानाच्या डॉक्टरला दाखवा."

दुकानातली दोन गिऱ्हाइकं हसली. आणि मामा... मामाही हसला! थोडंसंच, पण हसला. आजोबांनी हळूच हात वर नेला आणि कानाला लावला. 

"आम्हालाही ऐकू येते!" भोंगा गरजला.

"आजोबांनी सांगितलं म्हणून येते," उस्ताद म्हणाला. "आणि वास ना? शंभर टक्के उंदीर मेलाय आत. जुन्या गाड्यांत घुसतातच. मी सांगतो, विकून टाका. माझ्या ओळखीचा एक माणूस आहे, सुटे भाग काढायला घेतो. शुक्रवारी दुपारी येईल."

बोलता बोलता त्याच्या कोपराचा धक्का दुसऱ्या ग्लासाला लागला. चहा टेबलभर पसरला. उस्तादने खालून एक राखाडी चिंधी उचलली, चहा पुसला आणि ती ओलीचिंब चिंधी तशीच एका खोक्यात फेकली. नाकमुरडीला आता खरंच ओकारी येणार होती. ती पळतच बाहेर गेली.

त्या संध्याकाळी आजोबा अंगणात एकटेच बसले होते. मुलं भोवती जमली.

"आजोबा, मावशीची तीन प्रकरणं साठलीत," नाकमुरडी म्हणाली. "दीपगृहातला दिवा विझला आणि जिन्यावर कुणाचं तरी पाऊल वाजलं, तिथंच थांबलंय सगळं. माझ्या खोलीत लावू का फोनवर?"

"राहू दे गं," आजोबा म्हणाले. "डोळे गेले तेव्हा वाटलं, कान तर आहेत. आता कानही नसते आवाज काढायला लागले असतील तर... गाडी जाऊ दे शुक्रवारी."

आजोबा असं कधीच बोलत नसत. नाकमुरडीला वाईट वाटलं, आणि त्यामागोमाग राग आला. माशी पडलेला चहा पिणारा, कान स्क्रूड्रायव्हरने खाजवणारा माणूस आजोबांना कान दाखवून घ्यायला सांगतो! तिला त्याच्या बादलीचीही एवढी किळस आली नव्हती, जेवढी त्या वाक्याची आली.

"शुक्रवारपर्यंत तीन दिवस आहेत," ती म्हणाली. "तीन दिवसांत छडा लावायचा. तयार आहात का?"

"आहे!" भोंग्याच्या आवाजाने झाडावरचे कावळे उडाले.

"हळू रे!" दोघं एकदम म्हणाले.

छडा लावायला फार लांब जावंच लागलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या घरातल्या डॉक्टरकाकू दवाखान्यात निघाल्या. त्या दातांच्या डॉक्टर. त्यांची गाडी आजोबांच्या गाडीसारखीच, त्याच कंपनीची, फक्त रंगाने हिरवी. चारही काचा खाली होत्या आणि काकूंनी तोंडाला मास्क बांधला होता. गाडी फाटकाजवळून गेली आणि नाकमुरडी जागच्या जागी थिजली.

"थांबा! काकू, थांबा!" ती धावली. खिडकीतून डोकं आत घालून तिने एकदा हुंगलं आणि तोंड वेडंवाकडं केलं. "हाच! कुबट, आंबूस आणि वरून गोडसर! अगदी हाच वास!"

"तुला कळला?" डॉक्टरकाकू म्हणाल्या. "मला वाटलं मीच वेडी झाले! दोन आठवडे झाले, डोकं भणभणतंय. घरातले म्हणतात उंदीर असेल."

"गाडीचं काही काम केलं होतं का?" खटपट्याने विचारलं.

"फोन जोडायची सोय करून घेतली स्टीरिओला. उस्तादकडून."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"तुमच्या स्टीरिओतून शिट्टी येते?"

"छे! आवाज मस्त आहे. वास तेवढा..." काकूंनी नाक धरलं. "आमच्या धंद्यात एक आहे बघ. वास आला की त्याला कारण असतं, आणि ते कारण कुठेतरी फटीत लपलेलं असतं. अत्तर फवारून जात नाही."

"मग तुमची फटीत बघायची हत्यारं द्याल का आम्हाला?" नाकमुरडीने विचारलं.

काकू खळखळून हसल्या. अर्ध्या तासात मुलांच्या हाती तीन मास्क, तीन जोड्या रबरी हातमोजे, एक लांब चिमटा आणि दातांमागे बघायचा तो लांब दांडीचा चिमुकला आरसा आला.

मामा कामावर गेला होता. जाताना बजावून गेला होता, "गाडीला हात लावलात तर याद राखा!" पण गाडी आजोबांची होती, आणि आजोबांना विचारल्यावर ते म्हणाले होते, "आधी बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा. मग काय ते बघा. मी इथं बसतो. काय दिसतं ते मला सांगत राहा."

खटपट्याने पान्याने बॅटरीची तार सोडवली. स्टीरिओच्या दोन्ही कडांना बारीक भोकं होती. त्यांत वाकवलेल्या तारा घातल्या, दोन्ही हातांनी सावकाश ओढलं आणि खट्! स्टीरिओ टेबलाच्या खणासारखा पुढे सरकत आला.

त्याच्यामागून वासाचा असा लोट आला, की भोंग्याचीसुद्धा बोलती बंद झाली!

"सांगा, काय दिसतंय?" आजोबांनी बाहेरून विचारलं.

"पाठीमागचं सॉकेट रिकामं आहे," खटपट्या म्हणाला. "नुसतं रिकामं नाही, आत धुळीचा थर आहे! इथे कधी काही लावलेलंच नाही. आपला डबा नाहीच आजोबा! कॅसेटच्या वायरी कापल्यात, फोनची वायर त्यांना नुसती पीळ देऊन बांधलीय, आणि अर्थिंगची वायर... सिगारेट पेटवायच्या त्या लायटरच्या वायरीला गुंडाळलीय!"

"म्हणूनच शिट्टी," आजोबा पुटपुटले. त्यांची पाठ थोडी ताठ झाली.

"आणि वास?" भोंग्याने विचारलं.

नाकमुरडीने आरसा खोल घातला. पंख्याची हवा आत आणणाऱ्या नळीला लागून, अंधारात काहीतरी राखाडी, फुगलेलं, ओलसर बसलं होतं. नळीवर साठलेल्या ओलीचे थेंब त्याच्यावर पडलेले दिसत होते.

"उंदीर!" भोंगा किंचाळला.

"चिमटा पोचत नाहीये," खटपट्या म्हणाला. "माझा हात जात नाही. तुझा बारीक आहे."

नाकमुरडीने त्याच्याकडे पाहिलं. घरातल्या खरकट्या ताटाला बोट न लावणारी ती! तिने बाहेर पाहिलं. आजोबा कानामागे हात धरून बसले होते, आत काय चाललंय ते टिपत. तिने डोळे मिटले, श्वास कोंडला आणि हात कोपरापर्यंत आत घातला.

"ईईई! बुळबुळीत आहे! मऊ आहे! हलतंय! नाही, मीच हलवतेय! शी! आलं, आलं, आलं!"

जे बाहेर आलं त्याला शेपूट नव्हतं. पायही नव्हते. टाचेला भोक होतं आणि वर दोन पिवळ्या पट्ट्या होत्या.

"मोजा?" खटपट्याने आ वासला.

मोज्याच्या आत जोडलेल्या वायरींचा गुंता गच्च कोंबलेला होता. "वायरी खडखडू नयेत म्हणून गुंडाळलाय," तो म्हणाला. "त्यासाठी फोमची पट्टी असते. याने वापरलेला मोजा घातला!"

नाकमुरडीने, अंग शहारत असताना, तो मोजा नाकापासून वीतभर अंतरावर आणला आणि एकदाच, अगदी छोटासा श्वास घेतला. "घाम," ती म्हणाली. "ओल. आणि गोड म्हणजे चहा! याच मोज्यांनी तो टेबल पुसतो! ती चिंधी आठवते? तो मोजाच होता! शी, शी, शी, माझा हात कापून टाका कुणीतरी!"

"चला, बाबांना दाखवू!" भोंगा उड्या मारायला लागला.

"थांब," नाकमुरडी म्हणाली. हात साबणाने तिसऱ्यांदा धुता धुता ती विचार करत होती. "उस्ताद म्हणेल, मुलांनीच कोंबला. मामा त्याचंच खरं मानेल. आणि गाडी उघडली म्हणून वर आपल्यालाच ओरडा. त्याच्याच हाताने, सगळ्यांसमोर हा मोजा बाहेर निघाला पाहिजे. त्याला आठवतही नसेल कुठल्या गाडीत काय कोंबलंय ते."

"म्हणजे?"

नाकमुरडीने मोठा सुस्कारा सोडला. "म्हणजे तो परत आत ठेवायचा. मलाच."

शुक्रवारी सकाळी ती मामाकडे अगदी शहाण्या मुलीसारखी गेली. "मामा, दुपारी तो माणूस गाडी न्यायला येणार. मेलेला उंदीर बघून त्याने गाडी नाकारली तर? आधी उस्तादकडून उंदीर काढून घेऊ या ना."

मामाने तिच्याकडे संशयाने पाहिलं, पण मुद्दा त्याला पटला. "कधी नव्हे ते शहाणपणाचं बोललीस!" तो म्हणाला.

ते दुकानापाशी पोचले तेव्हा रस्त्याच्या कडेला एक हिरवी गाडी उभी होती. "अरे वा, काय योगायोग!" डॉक्टरकाकू खिडकीतून म्हणाल्या आणि त्यांनी नाकमुरडीला हळूच डोळा मारला. दुकानात चार-पाच गिऱ्हाइकं खोळंबली होती. मुलांना हवं होतं तसंच!

"उंदीर काढायचा? माझं काम आवाजाचं आहे, उंदरांचं नाही," उस्ताद म्हणाला. तो उकडलेलं अंडं खात होता आणि सोललेली टरफलं स्क्रूड्रायव्हरांच्या डब्यात टाकत होता.

भोंग्याने छाती भरून श्वास घेतला. नेमकं याच कामासाठी त्याला आणलं होतं. "उस्ताद उंदराला घाबरतात!" त्याचा आवाज रस्त्यापलीकडे गेला. "मेलेल्या उंदरालाही घाबरतात!"

गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. उस्तादचे कान लाल झाले. "कोण घाबरतं रे?" त्याने उरलेलं अंडं तोंडात कोंबलं. "आणा गाडी! दोन मिनिटांत काढून दाखवतो!"

"गाडी इथेच रस्त्यावर असू दे," नाकमुरडी गोड आवाजात म्हणाली. "आत आणली तर दुकानात वास होईल ना. बरं उस्ताद, आम्ही दिलेला डबा तुम्ही या गाडीतच लावलाय ना? विकण्याआधी काढून घेऊ."

"म्हणजे काय! माझ्या हाताने लावलाय!"

सगळ्यांनी ऐकलं. उस्तादने स्टीरिओ ओढून काढला, बाही वर केली आणि तोंड फिरवून हात आत घातला. "सापडला! चांगला गलेलठ्ठ दिसतोय. हा बघा तुमचा..."

त्याच्या हातात राखाडी मोजा लोंबत होता. पिवळ्या पट्ट्यांसकट!

गिऱ्हाइकं माना उंचावून बघायला लागली. मग भोंगा ओरडला, "अरेच्या! उंदीर मोजा घालतो!"

अख्खं दुकान हसायला लागलं. पण वास गिऱ्हाइकांपर्यंत पोचला तसं हसू थांबलं आणि सगळे दोन पावलं मागे सरले.

"हे... हे माझं नाही," उस्ताद चाचरला. "पोरांनीच घातला असेल!"

"मग माझी गाडी उघडा," डॉक्टरकाकू पुढे झाल्या. "ती दिवसभर माझ्याबरोबर आणि रात्री कुलूपबंद गॅरेजात असते. या मुलांनी ती कधी उघडलेली नाही. माझ्याकडेही तुमचाच उंदीर आहे म्हणे."

उस्ताद जागचा हलेना. तेव्हा खटपट्याने काकूंची परवानगी घेऊन बॅटरीची तार सोडवली, भोकांत तारा घातल्या आणि स्टीरिओ बाहेर काढला. नाकमुरडीने हातमोजा चढवला. या खेपेला तिने डोळेसुद्धा मिटले नाहीत. राखाडी मोजा. दोन पिवळ्या पट्ट्या. तिने तो चिमट्यात धरून पहिल्या मोज्याशेजारी नेला.

"जोडी जमली!" भोंगा म्हणाला. "एक डावा, एक उजवा!"

दुसऱ्या मोज्यात काहीतरी चौकोनी होतं. नाकमुरडीने मोजा उलटा केला आणि तो काळा डबा तळहातावर घेतला. त्याच्यावर तीन लाल ठिपके होते. तिने तो आजोबांच्या हातात दिला. आजोबांचं बोट ठिपक्यांवरून फिरलं. एक, दोन, तीन.

"हा माझा," आजोबा म्हणाले.

"तो डबा मला यांनी नवा म्हणून दिला!" डॉक्टरकाकूंचा आवाज चढला.

मामाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "उस्ताद, आमचा डबा त्यांच्या गाडीत, आमच्या वायरी कापलेल्या, आणि वर वडिलांना म्हणता कानात शिट्टी वाजते?"

"इंजिन चालू कर," आजोबा शांतपणे म्हणाले.

खटपट्याने स्टीरिओ तात्पुरता जागेवर ढकलला. मामाने किल्ली फिरवली आणि ॲक्सिलरेटर दाबला. ईईईई! मोकळ्या रस्त्यावर उभ्या असलेल्या प्रत्येकाला शिट्टी ऐकू गेली. पाय काढला की खाली, दाबला की वर.

"कुणाकुणाच्या कानात वाजतेय?" भोंग्याने विचारलं. चार-पाच हात वर झाले. मामाचा हात सगळ्यात शेवटी वर झाला, पण झाला.

उस्तादने मान खाली घातली. "गर्दी होती हो. काकूंना घाई होती, डबा समोर पडला होता, लावून टाकला. मोज्याचं म्हणाल तर... हाताशी जे येतं ते गुंडाळतो मी. कुणी आत कशाला बघतंय, असं वाटतं." तो आजोबांकडे वळला. "चुकलं माझं. कान तुमचे माझ्यापेक्षा तेज आहेत. आता फुकट, एकदम नीट करून देतो. दोन्ही गाड्या. काकूंना नवा डबा मी आणून देतो." आणि त्याने डबा घ्यायला हात पुढे केला.

"थांबा!" नाकमुरडी किंचाळली. "आधी हात धुवा! साबणाने! कोपरापर्यंत!"

आणि उस्तादने, सगळ्या गिऱ्हाइकांदेखत, नळावर जाऊन मुकाट्याने हात धुतले. पहिल्यांदा नीट धुतले नाहीत, म्हणून दुसऱ्यांदा धुतले.

मग दोन तास आजोबा गाडीत पुढच्या सीटवर बसले आणि उस्तादने त्यांच्या सांगण्याप्रमाणे काम केलं. कापलेल्या वायरी नीट जोडल्या, डबा पाठीमागच्या सॉकेटमध्ये बसवला, भोवती कोरी फोमची पट्टी गुंडाळली. लाल ठिपक्यांची वायर कप्प्यात आली, आणि ती मुळीच आखूड नव्हती. मामाने इंजिन चालू केलं. आजोबांनी मान तिरकी केली. बराच वेळ ते ऐकत राहिले.

"काही नाही," ते म्हणाले आणि हसले. "एकदम निरभ्र!"

दुपारी गाडी न्यायला आलेल्या माणसाला मामाने फाटकातूनच परत पाठवलं. मग तो मुलांकडे वळला. "मी बाबांचं ऐकायला हवं होतं. आणि तुझ्या नाकाचंही. बूट उद्याच फेकतो." नाकमुरडीने मोठ्या मनाने मान हलवली.

"खटपट्याचे हात, भोंग्याचा गळा," आजोबा म्हणाले, "आणि हिचं नाक! अशी माणसं माझ्या जहाजावर असती, तर मी कधी झोपायला गेलो नसतो, गंमत बघत बसलो असतो. पोरांनो, माझे कान मला परत दिलेत तुम्ही."

संध्याकाळी चौघं गाडीत जाऊन बसले. आजोबांच्या बोटांनी कप्प्यातले ठिपके बरोबर शोधले आणि वायर फोनला लावली. पण मोजा गेला तरी वास पुरता गेला नव्हता. सीटच्या कापडात, छताच्या अस्तरात तो अजून दबा धरून बसला होता. म्हणून सगळ्या काचा खाली होत्या, आणि रस्त्यावरून ट्रक धडधडत होते.

मावशीचा आवाज सुरू झाला. "दीपगृहातला दिवा विझला होता. जिन्यावर पुन्हा एक पाऊल..." एक मोटरसायकल फटफटत गेली आणि पुढचे शब्द वाहून गेले. आजोबांनी कान थोडा पुढे नेला. 

नाकमुरडीने ते पाहिलं. तिने आपल्या बाजूची काच वर चढवली. मग भोंग्याची. मग पुढे वाकून खटपट्याची आणि शेवटी आजोबांच्याही बाजूची, अगदी वरपर्यंत. वास लगेच गोळा झाला. कुबट, आंबूस, गोडसर! तिने दोन बोटांनी नाक घट्ट दाबलं आणि मागे टेकून बसली.

"थोडं मागून लावा आजोबा," ती नाकातून म्हणाली. "पाऊल कुणाचं ते नीट ऐकू या."